कोंबडी मलूल झाली तर

मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा परसातली कोंबडी चोच उघडून, पंख पसरून धापा टाकते. तिला सावलीत न्या, पाय भिजवा, गार पाणी समोर ठेवा; बळजबरीने घशात ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. तरीही मलूल राहिली तर वेगळी ठेवा. सकाळी दाणे टाकण्याआधी छातीवरची अन्नाची पिशवी चाचपा. ती रिकामी हवी. टणक लागली तर चारा अडकलाय. तुरा फिका पडलाय का बघा. झाबुआच्या काळ्या कडकनाथ जातीत मात्र ही खूण सहज कळत नाही. हिरवी पातळ विष्ठा, घरघर, वाकडी मान दिसली तर मानमोडी या रोगाचा संशय घ्या. त्या रोगावर औषध नाही. लस आधीच, निरोगी असताना द्यायची. पशुवैद्यांना लगेच कळवा आणि मेलेला पक्षी उकिरड्यावर मुळीच टाकू नका.