निर्व्यसनी बाईची गाठ

"दारूचा थेंब नाही, तंबाखूची चिमूट नाही, मग मला कशाला कॅन्सर होईल?" छातीत गाठ हाताला लागल्यावर कितीतरी बायका हे आधी स्वतःला समजावतात, मग घरच्यांना. त्यात महिने निघून जातात. कॅन्सर व्यसनी माणसाला होतो आणि निर्व्यसनी माणूस त्यातून सुटलेला असतो, असा हिशेब आपल्या मनात पक्का बसला आहे. तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर डोळ्यांसमोर पाहून तो बसला, आणि तिथे तो बराचसा खराही आहे. स्तनाच्या कॅन्सरला मात्र तो लागू पडत नाही.

आधी दारूबद्दल. पुणे-सातारा रस्त्यावर नीरा नदीच्या अलीकडे भोर तालुक्यातलं सारोळे, पुलापलीकडे सातारा जिल्ह्यातलं शिरवळ. महामार्गालगतच्या अशा गावांना दारूचा प्रश्न नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गांलगतची दारूविक्री हटवण्याचा आदेश दिला, तो अपघातांमुळे. राज्यात ठिकठिकाणी बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, ती घरातल्या मारहाणीमुळे आणि घरखर्चाचा पैसा गुत्त्यावर जातो म्हणून. दोन्ही कारणं रास्तच आहेत. पण दारूचा बाईच्या स्वतःच्या शरीराशीही संबंध आहे, हे या सगळ्यात फारसं बोललं गेलं नाही. पिणारा नवरा, सोसणारी बायको, इथवरच ही गोष्ट येऊन थांबते.

आकडेही तेच सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे 14 टक्के दारू पितात. बायकांमध्ये हे प्रमाण अर्धा टक्काही नाही. उलट कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणाऱ्या बायका 11 टक्क्यांच्या घरात आहेत; आपल्या भागात मिश्री लावणं बऱ्याच जणी व्यसनात धरतच नाहीत, ते वेगळं. आता दुसरा आकडा पाहा. 2022 या एका वर्षात भारतात अंदाजे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर झाला आणि सुमारे 98 हजार जणी त्याने गेल्या. यांतल्या बहुतेकींनी दारू चाखलेलीही नसणार. तेव्हा न पिणं चांगलंच, पण 'मी पीत नाही' हे गाठ न दाखवण्याचं कारण होऊ शकत नाही.

यावर लगेच उलटा निष्कर्ष निघतो: मग दारूचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंधच नाही! हाही गैरसमजच, आणि शहरात तो जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलं. 2007 मध्ये त्या संस्थेच्या तज्ज्ञांनी मद्यामुळे होणाऱ्या कॅन्सरांच्या यादीत स्तनाचा कॅन्सरही घातला.

हे होतं कसं? पोटात गेलेल्या अल्कोहोलपासून शरीर अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवतं, मुख्यतः यकृतात, थोडं स्तनाच्या पेशींतही. ते डीएनएला चिकटतं आणि त्याची मोडतोड करतं. दुसरी वाट इस्ट्रोजेनची. आहार ठरवून देऊन स्त्रियांवर जे प्रयोग झाले, त्यांत रोज दारू घेतल्यावर रक्तातलं इस्ट्रोजेन वाढलेलं मोजलं गेलं, आणि स्तनाच्या बहुतेक गाठी या संप्रेरकावर पोसतात. शिवाय पालेभाज्या आणि डाळींतून मिळणारं फोलेट डीएनए धड ठेवायला लागतं. त्याचा वापर दारूमुळे बिघडतो. यकृत चांगलं आहे म्हणून बाकी शरीर सुरक्षित आहे असं मानण्यात अर्थ नाही, तो यासाठी.

धोका किती वाढतो, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. एवढ्या-तेवढ्या टक्क्यांनी धोका वाढला, अशा बातमीने माणूस एकतर घाबरतो नाहीतर ती उडवून लावतो. 2002 मध्ये ऑक्सफर्डच्या पुढाकाराने 53 अभ्यासांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यात स्तनाचा कॅन्सर झालेल्या 58 हजारांवर स्त्रिया होत्या. रोजच्या दर 10 ग्रॅम अल्कोहोलमागे धोका सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे 7 टक्के मूळ धोक्याचे, शंभर बायकांतल्या सात जणी नव्हेत. त्याच अभ्यासातला पाश्चात्त्य देशांचा हिशेब असा: कधीच न पिणाऱ्या हजार स्त्रियांपैकी वयाच्या ऐंशीपर्यंत 88 जणींना हा कॅन्सर होतो. रोज एक पेग (10 ग्रॅम अल्कोहोल) घेणाऱ्या हजारांत 94 जणींना होतो, रोज चार पेग घेणाऱ्यांत 116 जणींना. भारतीय स्त्रियांचा मूळ धोकाच यापेक्षा बराच कमी आहे, म्हणून इथे भर पडते तीही लहान. पण ती पहिल्या पेगापासून पडते. इतकी प्यायली तर काहीच होत नाही, अशी सुरक्षित रेघ या अभ्यासात सापडली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी 2023 मध्ये तेच स्पष्ट केलं.

हे 10 ग्रॅम म्हणजे नेमकं किती? 30 मिलिलिटर व्हिस्की किंवा रम. वाइनचा जेमतेम 100 मिलिलिटरचा ग्लास. आणि 650 मिलिलिटरची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर एकटीने संपवली, तर सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे चार पेग! 'बिअरच तर आहे' म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा. वाइनचंही तेच. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकण्याला मान्यता दिली, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असं जाहीरपणे सांगितलं गेलं. द्राक्षबागायतदाराच्या बाजूने बोलायला हरकत नाही, त्याची अडचण खरी आहे. पण स्तनाच्या पेशीला अल्कोहोल द्राक्षातून आला की मळीतून, हे कळत नाही. लाल वाइन हृदयाला चांगली म्हणून स्तनालाही चांगली, याला कुठलाही आधार नाही.

याच ओघात दशमूलारिष्टाबद्दल लिहायला हवं, कारण बाळंतपणानंतर ते घेतलेल्या बायका घरोघरी आहेत. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोल असतो, साधारण 5 ते 10 टक्के. दिवसातून दोनदा चार-चार चमचे घेतलं तरी पोटात जेमतेम दोन-तीन ग्रॅम जातो, तोही काही आठवडे. त्यासाठी बाळंतिणीच्या जिवाला घोर लावू नये. अशी औषधं कुणी वर्षानुवर्षं रोज घेत असेल, तर मात्र वैद्यांशी बोलून घ्यावं.

आता जनुकांकडे. इथले गैरसमज जास्त घट्ट आहेत. 'आमच्या घराण्यात कुणाला नाही' म्हणून निश्चिंत राहणारे एकीकडे, 'आईला झाला, मलाही होणारच' म्हणून खचणाऱ्या दुसरीकडे. वस्तुस्थिती अशी, की शंभरातल्या पाच ते दहा गाठीच थेट वारशाने आलेल्या दोषामुळे होतात. बाकीच्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणालाच हा आजार झालेला नसतो. त्या पाच-दहांमध्ये मोठा वाटा बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 या जनुकांचा. ही जनुकं सगळ्यांतच असतात, त्यांचं काम डीएनए दुरुस्त करण्याचं. त्यात दोष घेऊन जन्मलेल्या स्त्रीचा ऐंशीपर्यंतचा धोका 70 टक्क्यांच्या आसपास जातो, आणि अंडाशयाच्या कॅन्सरचाही धोका वाढतो. म्हणजे दोष असूनही सुमारे तीस टक्के स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर होत नाही.

हा दोष वडिलांकडूनही येतो, अगदी आईकडून येतो तितकाच. दोष असलेल्या आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. तरीही डॉक्टरांनी विचारलं की बाई आई, मावशी, आजी इथवरच आठवते. आत्याचं नाव निघत नाही. लेकी लग्न होऊन नदीपलीकडे गेल्या की त्यांचं दुखणं सासरच्या घरात राहतं. माहेरी एवढंच कळतं, की ती बरीच आजारी होती आणि गेली. मला वाटतं, आपल्याकडे घराण्याचा इतिहास अपुरा राहण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. आत्या, चुलत बहीण, वडिलांची आई, इतकंच काय तर छातीत गाठ झालेला काकासुद्धा, या सगळ्यांना मोजायला हवं.

दारू आणि जनुकं यांचं एकत्र काय होतं, हा खरा गुंत्याचा भाग. अल्कोहोल पचवणारी विकरं प्रत्येकात सारख्या वेगाची नसतात. पूर्व आशियात एएलडीएच-2 या जनुकाचा एक मंद प्रकार बऱ्याच लोकांत आढळतो. त्यांच्या अंगात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, थोड्या दारूनेही चेहरा लाल होतो, आणि पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. भारतात हा प्रकार क्वचितच सापडतो. अशा जनुकांमुळे स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी-जास्त होतो का, यावरच्या अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. 2017 मध्ये केंब्रिजच्या अशोक वेंकिटरामन यांच्या गटाने दाखवलं, की अशी अल्डिहाइडं पेशीतलं बीआरसीए-2 प्रथिनच नष्ट करतात, आणि ज्या पेशींत हे जनुक एका बाजूने आधीच बिघडलेलं असतं त्यांना त्याचा जास्त फटका बसतो. हे काम पेशींवरचं आहे. प्रत्यक्ष बीआरसीए दोष असलेल्या स्त्रियांच्या अभ्यासांत दारूचा असा वेगळा, ठळक परिणाम आतापर्यंत दिसलेला नाही. तेव्हा लाळेतून जनुकांची चाचणी करून 'तुम्हाला दारू चालेल' असं सांगणारा कुठलाही अहवाल स्तनाच्या कॅन्सरपुरता तरी विश्वासार्ह धरू नये.

मग न पिणाऱ्या, घराण्यात कुणाला नसलेल्या बाईला हा आजार का होतो? वाढतं वय हे पहिलं कारण. उशिरा झालेली आणि कमी बाळंतपणं, अंगावर कमी पाजणं, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन ही आणखी काही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय स्त्रियांमध्ये पोटाभोवतीची चरबी हा धोका वाढवणारा घटक ठरला. ऑक्सफर्डच्याच दुसऱ्या अभ्यासात बारा महिने अंगावर पाजण्यामागे धोका चार टक्क्यांहून थोडा जास्त कमी झालेला दिसला. गावाकडे हा कॅन्सर मुंबई-पुण्यापेक्षा कमी आहे, तो बहुधा अशाच गोष्टींमुळे. पण ज्या बाईला गाठ आहे, तिला या सरासरीचा काही उपयोग नाही.

तिच्या उपयोगाचं काय आहे, ते मुंबईतल्या वस्त्यांमध्ये पाहिलं गेलं. 1998 पासून टाटा मेमोरियलने दीड लाखाहून अधिक स्त्रियांना वीस वर्षं पाठपुराव्यात ठेवलं. निम्म्या स्त्रियांची छाती प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने तपासत. मॅमोग्राफी नाही, महागडं यंत्र नाही. 2021 मध्ये निकाल आला: गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये असा ठोस फरक दिसला नाही, हेही लक्षात ठेवावं.

अशी हाताने होणारी तपासणी सरकारी आरोग्य व्यवस्थेत तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी मोफत आहे, तरी 2019-21 च्या त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात ती करून घेतलेल्या स्त्रिया एक टक्काही नव्हत्या. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात रोज दारू पिता का हे विचारलेलं असतं, कमरेचा घेर लिहायचा असतो, आणि बायकांसाठी छातीत गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्त येतं का, स्तनाच्या आकारात फरक पडला का, असे प्रश्न असतात. दारूच्या प्रश्नाला 'नाही' म्हणताना त्याच सुरात पुढच्या तिन्ही प्रश्नांनाही 'नाही' म्हणून टाकू नये. दुखत नाही म्हणून तर नाहीच; कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. आणि त्या फॉर्ममधला घराण्याचा प्रश्न रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा आहे, कॅन्सरचा नाही. म्हणून आईला, आत्याला, बहिणीला किंवा दोन्हीकडच्या आजीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर कुणी विचारलं नाही तरी आशाताईंना आणि डॉक्टरांना ते सांगावं, कितव्या वर्षी झाला तेही.