बातमी संपते तिथे

आमच्या घरात वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाते, कारण आजीला अक्षरओळख नाही. मासळीची पाटी उतरवून ती ओट्यावर टेकते आणि मी अलिबागहून निघणारा 'कृषीवल' तिला वाचून दाखवते. एकदा तीन ओळींची बातमी होती : वादळात होडी उलटली, एक खलाशी बेपत्ता. आजीने विचारले, "त्याच्या घरी सांगाया कोन गेलं गो?"

ते छापलेले नव्हते. मला तिचा रागच आला. पण रात्री निरोप घेऊन निघालेला तो माणूस काही डोळ्यांपुढून हलेना.

'लिहायचे आहे, पण विषय सुचत नाही', ही आपल्यापैकी अनेकांची तक्रार असते. मीही पहिल्या वर्षी चंद्र आणि विरह यांवर कविता केल्या. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आमच्या वाडीत लिहिण्याजोगे ते काय असणार, असे मला वाटे. आता वाटते, विषय रोज दारात येऊन पडतो, फक्त त्याला प्रश्न विचारावा लागतो.

विजय तेंडुलकरांचे 'कमला' हे नाटक याचे चांगले उदाहरण आहे. 1981 मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी बायकांची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी 2300 रुपयांना एक स्त्री विकत घेतली. त्या बातमीने देशभर खळबळ उडाली. स्वतः वृत्तपत्रांत काम केलेल्या तेंडुलकरांनी ती खळबळ पुन्हा सांगितली नाही. त्यांनी पत्रकाराच्या घरात डोकावून पाहिले. तिथे विकत आणलेली कमला त्याच्या बायकोलाच विचारते, तुला केवढ्याला घेतले? बातमी एका बाजाराची होती; नाटक आपल्या सर्वांच्या घराचे झाले.

कोण, कुठे, केव्हा, किती, हे सांगणे बातमीचे काम. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. हा आकडा आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. पण आजी तिच्या आईकडून ऐकलेले सांगते की, त्यानंतर कित्येक दिवस लोक मासळीला शिवत नव्हते, भरलेल्या पाट्या तशाच परत येत. आकडा ऐकून मी हळहळले होते. त्या पाट्या ऐकल्या आणि गप्प झाले.

म्हणून मी आता एक वही केली आहे. डाव्या पानावर बातमीचे कात्रण चिकटवते, उजव्या पानावर त्यात नसलेले प्रश्न लिहिते. गोष्ट प्रश्नांतून सुरू होते. मात्र एक पथ्य पाळावे. बातमीतली माणसे खरी असतात, त्यांचे दुःखही खरे असते. त्यांची नावे, खुणा उचलू नयेत. आपण घ्यायचा तो प्रश्न. उत्तर आपल्या अनुभवातून शोधायचे.

त्या निरोप्याची गोष्ट मी अखेर लिहिली आणि आजीला वाचून दाखवली. दारात उभा राहून तो शब्द शोधतो, तिथे मी ती संपवली होती. आजी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आन् त्याची बायको काय बोलली?"

म्हणजे गोष्ट अजून पुरी व्हायची आहे.