पहिल्या पगाराची वांटणी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा, आणि अलीकडे मुलगीही, नोकरीनिमित्त ठाण्याकडे असते. घरीं वडील शेत पाहतात आणि महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत चिरंजीवांकडून कांहीं रक्कम येते. ती रक्कम किती यावी याविषयीं घरोघर बोलणें होतें. ती पाठवून झाल्यावर पाठविणाऱ्यापाशीं काय उरतें, याविषयीं मात्र क्वचितच होतें. म्हणून आज आम्ही शेताऐवजीं पगाराचा विचार करीत आहों.

ठाण्याची वागळे इस्टेट आमच्या बहुतेकांस ऐकून ठाऊक आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजीं स्थापन झालें, आणि ही वसाहत त्याच्या अगदीं आरंभींच्या वसाहतींपैकीं होय. येथील रस्त्यांस नांवांऐवजीं आंकडे आहेत: रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस, अशी ओळख. कोंकणांतून व घांटावरून आलेली मुलें येथें लेथावर, प्रेसवर, रंगशाळेंत लागलीं. भोंवतालीं किसननगर, लोकमान्यनगर अशी दाट वस्ती झाली. शासनाची औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही येथेंच असल्यामुळें फिटर, टर्नर होऊन बाहेर पडणाऱ्या मुलास काम दाराशीं असे. पुढें १९८० नंतरच्या दोन-तीन दशकांत अनेक कारखाने बंद पडले किंवा अन्यत्र हलले, आणि कित्येकांच्या जागीं संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. पगार आजही मिळतो; पण ज्या दारांतून तो मिळतो तें दार तीस वर्षें उघडें राहीलच, असें मानण्यास येथील इतिहास आधार देत नाहीं.

मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाला, तेव्हां सुमारें अडीच लक्ष कामगारांचा पगार थांबला. त्यांतील पुष्कळ जण आपल्या गांवीं परतले, आणि गांवच्या तांदळा-ज्वारीनें त्यांस कांहीं काळ तगविलें. त्या वेळीं शेत हीच कामगाराची शिल्लक होती. आज तेंच शेत तीन भावांत वांटलें गेलें आहे, व दोन-अडीच एकरांवर परत आलेल्या कुटुंबाचा भार घेण्याचें त्यास त्राण नाहीं. तेव्हां शिल्लक रोकड रूपानें असणें आतां भाग आहे, आणि ती पहिल्या पगारापासून पडावी असें आमचें स्पष्ट मत आहे.

वांटणी कशी करावी हें शेतकऱ्याच्या मुलास निराळें शिकविण्याचें कारण नाहीं. खळ्यावर रास पडली म्हणजे आपले वाडवडील ती सरसकट कणगींत ओतीत नसत. आधीं बियाणें निवडून बाजूस ठेवीत, बलुतेदारांचें बलुतें मोजून देत, आणि मग उरलेल्यावर वर्षाचें खाणें बेतीत. बियाणें शेवटीं उरेल तेवढें ठेवूं, असें कोणी म्हणत नसे. आमचे तरुण मात्र पगाराच्या बाबतींत नेमकें हेंच म्हणतात: खर्च करूं, आणि उरेल तें ठेवूं. उरत नाहीं.

एक कल्पित उदाहरण घेऊं. हातीं पडणारा पगार १८,००० रुपये आहे असें समजा. तिघांनीं मिळून घेतलेल्या खोलीचा वांटा ४,०००, खाणावळ ४,५००, रेल्वेचा पास व बस १,०००, फोन ३००, कपडा, औषध, चहा व किरकोळ १,७००. ही बेरीज ११,५०० होते. घरीं ३,५०० पाठविले तर ३,००० राहतात. हे तीन हजार पगार जमा झाल्याच्या दिवशींच दुसऱ्या खात्यांत जावेत. बँकेस तशी सूचना एकदां देऊन ठेवली कीं तें आपोआप होतें. वर्षभरांत ३६,००० होतात, म्हणजे नोकरी गेली तरी शहरांतील तीन महिन्यांचा खर्च निभावतो. तीन महिन्यांत दुसरें काम शोधतां येतें. तीन दिवसांत मिळेल तें पत्करावें लागतें. रेल्वेचा वर्षाचा पास काढला तर अकरा महिन्यांहून कमी दामांत बारा महिने प्रवास होतो, हेंही येथें सांगून ठेवतों. परंतु तो काढण्यास एकरकमी पैसा लागतो, आणि ज्याच्यापाशीं शिल्लक नाहीं त्यास स्वस्ताई परवडत नाहीं.

आतां वडीलधाऱ्यांशीं दोन शब्द. मुलाकडून आलेली रक्कम घरखर्चांत मिसळली कीं तिचा मागमूस राहत नाहीं, आणि मार्चच्या अखेरीस सोसायटीचें देणें उभें राहतें. खरिपाचें पीककर्ज साधारणतः ३१ मार्चपर्यंत फेडावें लागतें, व तीन लक्षांपर्यंतचें कर्ज मुदतींत फेडणाऱ्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळें व्याजाचा भार पडत नाहीं. मुदत चुकली कीं सवलत गेली. यास्तव साडेतीन हजारांपैकीं दीड हजार मुलानें घरीं न पाठवितां मे ते फेब्रुवारी आवर्ती ठेवींत भरावेत. दहा हप्त्यांचे पंधरा हजार आणि वर थोडें व्याज नेमकें मार्चमध्यें हातीं येतें. हें सुचविलें म्हणजे ‘पोरगा हात आंखडतो’ असें कांहीं वडिलांस वाटतें. तसें मानूं नये. मुलगा आपल्याच शेताचें व्याज वांचवीत असतो.

दुसऱ्या बाजूस कर्जाचें नवें आमिष आहे. २०१६ पासून फोनवरून क्षणांत पैसे देण्याची सोय झाली, ती सोय चांगलीच. पण त्याच फोनावर कर्जही क्षणांत मिळूं लागलें. कित्येक क्रेडिट कार्डांवर थकलेल्या रकमेस दरमहा शेकडा तीन किंवा त्याहून अधिक व्याज पडतें. वीस हजार थकले तर महिन्यास सहाशें, आणि ‘किमान रक्कम’ म्हणून हजार भरले तर मुद्दल चारशेंनींच उतरतें. सालीना शेकडा छत्तीसचा हा दर आहे. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनीं नव्या भ्रमणध्वनीसाठीं असा रोखा हंसत लिहून द्यावा, याचें आम्हांस नवल वाटतें.

पैसा कोठें ठेवावा याविषयीं थोडकेंच सांगतों. बँकेंतील ठेवीस २०२० पासून एका ठेवीदारामागें पांच लक्षांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं, मग संस्थेच्या पाटीवर कोणाचेंही नांव असो. डाकघरांतील आवर्ती ठेव पांच वर्षांची असते व शंभर रुपयांपासून उघडतां येते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचें खातें पंधरा वर्षांचें. मुलगा बावीस वर्षांचा असतां उघडलें तर सदतिसाव्या वर्षीं पुरें होतें, म्हणजे त्याचीं मुलें शाळेंत जात असतांना. मित्रांची भिशी आम्ही वाईट म्हणत नाहीं, परंतु तिच्यावर लग्नाचा किंवा विहिरीचा बेत बांधूं नये.

राहतां राहिला कारखान्याचा भविष्य निर्वाह निधी. १९५२ च्या कायद्यानें सुरू झालेल्या या व्यवस्थेंत मूळ वेतन व महागाई भत्त्यावर शेकडा बारा कामगाराचे आणि तितकेच मालकाचे भरले जातात. पंधरा हजारांवर प्रत्येकीं अठराशें. मालकाच्या अठराशेंपैकीं साडेबाराशें निवृत्तिवेतनाकडे आणि साडेपांचशें निधींत. म्हणजे दरमहा २,३५० रुपये खात्यावर पडतात. नोकरी बदलली कीं हे पैसे काढून मोटारसायकल घेण्याची चाल पडली आहे. वस्तुतः खातें नव्या नोकरीकडे त्याच क्रमांकाखालीं वळवितां येतें. ठेकेदाराकडे काम असेल तर पगारांतून कापलेली रक्कम खरोखर भरली जाते कीं नाहीं, हें मुलानें दर दोन-तीन महिन्यांनीं खात्याच्या उताऱ्यावर पाहावें. आणि दिवाळीस तो घरीं येईल तेव्हां वारसाची नोंद केली आहे काय, हें वडिलांनीं जरूर विचारावें. पुष्कळांची ती कोरीच असते.