रेडिएशननंतरचा जबडा

तोंडाच्या कर्करोगावर एकदा शस्त्रक्रिया झाली, मग रेडिएशन झालं, आणि वर्ष-दीड वर्षात गालाशी किंवा जबड्याशी गाठ पुन्हा उठली, अशा रुग्णांचा निरोप मला कर्करोगतज्ज्ञांकडून येतो. गाठ काढायचं काम त्यांचं, राहिलेली पोकळी भरायचं माझं. मी प्लास्टिक सर्जन आहे हे कळलं, की नातेवाईक म्हणतात, “चेहरा कसाही दिसू दे डॉक्टर, जीव वाचवा.” पण इथे पोकळी भरणं हाच जीव वाचवण्याचा भाग असतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या रेडिएशनचा डोस साधारण 60 ग्रे, तीस बैठकांत दिलेला. त्याने कर्कपेशी मरतात, पण आसपासच्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंतही जाड होत जाते, पोकळी अरुंद होते, आणि हे काम पुढे अनेक वर्षं चालू राहतं. मान लाकडासारखी कडक लागते. अशी कातडी नुसती ओढून शिवली तर टाके उसवतात आणि लाळ मानेत झिरपते. तिथेच मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी असते. लाळेत आणि पुवात भिजत राहिली तर ती फुटू शकते. म्हणून रेडिएशन न लागलेल्या जागेचं, स्वतःचा रक्तपुरवठा असलेलं मांस आणावं लागतं.

ते दोन प्रकारे आणता येतं. छातीचा स्नायू त्याच्या धमनीसकट गळपट्टीच्या हाडावरून तोंडात वळवायचा, ही एरियन यांनी 1979 मध्ये मांडलेली पद्धत. दुसरी, पायाच्या फिब्युला हाडाचा तुकडा कातडीसकट पूर्ण सोडवून जबड्यात बसवायचा आणि त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडायच्या. जबड्यासाठी ती हिडाल्गो यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केली.

अडचण अशी, की जोडायला मानेत वाहिनीच सापडत नाही. चेहऱ्याची धमनी पहिल्या वेळीच बांधलेली असते. उरलेली सुई लावताच आतून सोलवटते. मग मानेची दुसरी बाजू, गळपट्टीमागची आडवी धमनी, कधी छातीच्या मधल्या हाडालगतची. शीर मिळणं त्याहून अवघड. एखाद्या वेळी दंडावरची शीर सोडवून वर फिरवतो.

तरुण सर्जनना फिब्युलाचं आकर्षण असतं, ते मी समजू शकतो. पण खंगलेल्या रुग्णाला दहा-बारा तास टेबलावर ठेवण्यापेक्षा पुष्कळदा छातीचा जुना स्नायूच बरा. जबड्याची मागची बाजू हाडाशिवाय राहिली तरी माणूस मऊ भात खातो. हनुवटीचं हाड गेलं असेल तर मात्र तडजोड नाही: जीभ मागे पडते, लाळ सतत गळते.

जोडलेल्या मांसावर पहिले दोन-तीन दिवस तासातासाला नजर ठेवतात. ते निळंजांभळं पडलं तर शीर तुंबली. रात्री दोन वाजले असले तरी परत थिएटर.

आणि गाठीने कॅरोटिडला वेढाच घातला असेल, तर बहुतेकदा शस्त्रक्रिया करू नये, असंच मी सांगतो. ते ऐकायला घरची मंडळी तयार नसतात.

एक विनंती. रुग्ण बहुधा डिस्चार्ज कार्ड तेवढं घेऊन येतात. पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद आणि रेडिएशनचा तक्ता मागून घ्या, फाइलला लावून ठेवा. कोणती वाहिनी बांधली आणि किरण मानेत कुठवर गेले, हे त्यातच लिहिलेलं असतं.