ताकदीचा रोजचा खर्च : निसान जीटी-आर

ऑगस्ट २०२५मध्ये जपानच्या तोचिगी कारखान्यातून शेवटची निसान जीटी-आर बाहेर पडली. ‘आर३५’ या नावाने ओळखली जाणारी ही पिढी २००७च्या टोकियो मोटर शोमध्ये लोकांसमोर आली होती. १८ वर्षांत सुमारे ४८,००० गाड्या तयार झाल्या. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या २० किलोमीटरहून लांब, वळणावळणाच्या ट्रॅकवर तिने २००८मध्ये ७ मिनिटे २९ सेकंदांची वेळ नोंदवली, तेव्हा दुपटीहून महाग गाड्या बनवणाऱ्यांचे धाबे दणाणले. तिच्या वेगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तिच्या खर्चाबद्दल लिहायचे आहे, कारण वेगवान गाडीचा खरा स्वभाव पेट्रोल पंपावर आणि वर्कशॉपमध्ये कळतो.

गाडीचे मुख्य अभियंता काझुतोशी मिझुनो यांची कल्पना स्पष्ट होती : कोणालाही, कुठेही, केव्हाही चालवता येईल अशी सुपरकार. म्हणून तिला मागे दोन छोट्या सीट आहेत, दोन बॅगा मावतील एवढी डिकी आहे, गिअर आपोआप बदलतात आणि चारही चाकांना ताकद मिळते. जपानमध्ये सुरुवातीची किंमत ७७ लाख ७० हजार येन होती. रोज वापरायची गाडी म्हणून ती आणली, तर ‘ॲव्हरेज किती देते?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न तिलाही विचारायलाच हवा.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मोजमापानुसार अलीकडच्या मॉडेलचे उत्तर असे आहे : शहरात गॅलनला १६ मैल, हायवेवर २२, एकत्रित १८. आपल्या भाषेत लिटरमागे शहरात ६.८ किलोमीटर, हायवेवर साधारण ९.३ आणि सरासरी ७.६. टाकी ७४ लिटरची, म्हणजे एकदा फुल केली की सुमारे ५६० किलोमीटर. ५७० अश्वशक्तीच्या, पावणेदोन टनांच्या गाडीसाठी हा आकडा वाईट नाही. पण हायवेवर शांतपणे चालवूनही तो दहाच्या पुढे का जात नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग कायम ठेवायला या गाडीला जेमतेम २०-२५ अश्वशक्ती पुरते. हवेला कापत जाणारा तिचा आकारही चांगला आहे. हवेच्या रोधाचा गुणांक ०.२६ ते ०.२७, म्हणजे अनेक साध्या सेडानपेक्षा कमी. तरीही इंजिन ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरचे आणि दोन टर्बोंचे. गरज २५ची असो की ५०० ची, सहाही पिस्टन वरखाली होतातच. तेल फिरवणारा पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग सगळ्यांना आपापला वाटा लागतो. टर्बोचा दाब सोसावा म्हणून कॉम्प्रेशन रेशो ९ ठेवलेला आहे. त्यामुळे हळू चालताना पेट्रोलमधून निघणारे कामही थोडे कमीच.

त्यात भर गिअरबॉक्सची. वजनाचा तोल साधावा म्हणून तो इंजिनजवळ न ठेवता मागच्या चाकांपाशी बसवला आहे. एक शाफ्ट ताकद इंजिनाकडून मागे नेतो आणि दुसरा तीच ताकद पुन्हा पुढच्या चाकांकडे आणतो. वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहते ती या रचनेमुळे, आणि त्याची किंमत वजनाच्या आणि घर्षणाच्या रूपाने प्रत्येक किलोमीटरला मोजावी लागते. न वापरलेली ताकदसुद्धा फुकट नसते, हे जीटी-आर फार स्वच्छपणे दाखवते.

ताकद वापरली तर काय होते? हवेला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी १०० वरून २०० वर गेलात, तर ती आठपट होते. पूर्ण ५७० अश्वशक्ती घ्यायची, तर मिनिटाला सुमारे तीन लिटर पेट्रोल जळते. तेव्हा सिलिंडर आणि टर्बो थंड राहावेत म्हणून संगणक मिश्रणात जादा पेट्रोल सोडतो. त्यातले काही केवळ उष्णता शोषण्यासाठी असते. त्या गतीने भरलेली टाकी अर्ध्या तासाच्या आत रिकामी होईल.

निसानच्या अभियंत्यांनी मात्र काटकसरीकडे पाठ फिरवली नव्हती. सिलिंडरच्या आत लोखंडी लायनर बसवण्याऐवजी त्यांनी ॲल्युमिनियमवर प्लाझ्माने वितळलेल्या लोखंडाचा केवळ ०.१५ मिलिमीटर जाडीचा थर फवारला. इंजिन काही किलोंनी हलके झाले, घर्षण कमी झाले, उष्णता लवकर बाहेर जाऊ लागली. हे इंजिन योकोहामाच्या कारखान्यात, तापमान आणि धूळ नियंत्रित खोलीत, एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने जुळवत असे. जपानीत अशा निष्णाताला ‘ताकुमी’ म्हणतात. सगळ्या १८ वर्षांत हे काम अवघ्या नऊ जणांनी केले आणि पुढे पुढे तर प्रत्येक इंजिनावर ते जुळवणाऱ्याच्या नावाची पट्टी लागू लागली. बॉनेट उघडले की ते नाव समोर दिसते.

इतक्या बारकाईने जुळवलेल्या इंजिनाला पेट्रोलही तोलामोलाचे लागते. ऑक्टेन कमी असेल तर मिश्रण वेळेआधी पेट घेते. सेन्सरला ते कळताच संगणक ठिणगी उशिरा टाकतो, आणि ताकद व ॲव्हरेज दोन्ही घसरतात. म्हणजे स्वस्त पेट्रोल भरून वाचवलेले पैसे तिथेच जातात. भारतात इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होते. दिल्लीतला सुरुवातीचा दर होता लिटरला १६० रुपये. त्या दराने जीटी-आरचा इंधनखर्च किलोमीटरला २१ रुपये पडतो. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवली तर सुमारे दोन लाख दहा हजार.

आता बाकीचे पाहा. भारतात ही गाडी डिसेंबर २०१६मध्ये १ कोटी ९९ लाख रुपयांना आली. तेवढी रक्कम ७ टक्क्यांनी बँकेत ठेवली असती, तर वर्षाला जवळजवळ १४ लाख व्याज आले असते. पेट्रोलचा खर्च त्याच्या सहाव्या हिश्शाइतकाही नाही. शिवाय परदेशातून तयार येणाऱ्या गाडीवर महाराष्ट्रात किमतीच्या २० टक्के दराने एकरकमी कर लागतो, त्याला वरची मर्यादा आहे एवढेच. अधिकृत देखभाल केंद्र होते नोएडात. पुण्या-मुंबईच्या मालकाला मोठ्या कामासाठी गाडी ट्रकवर चढवावी लागणार, हे गृहीतच.

मग टायर. मागचे २८५ मिलिमीटर रुंद, २० इंची रिमवरचे, हवा गेली तरी काही अंतर चालणारे. कारखान्यातून निघतानाच त्यांत नायट्रोजन भरलेला असतो. रबर मऊ, म्हणून पकड जबरदस्त. आणि मऊ म्हणूनच झीजही लवकर. पुढच्या ब्रेकच्या डिस्क ३९० मिलिमीटर व्यासाच्या. गिअरबॉक्सला तिचे खास तेल लागते आणि ते साध्या गाडीच्या तेलाहून कितीतरी महाग. यात कुठेही ‘चालून जाईल’ म्हणायची सोय नाही. ताशी ३०० किलोमीटरला पोचणाऱ्या गाडीत झिजलेला टायर हा हिशेबाचा विषय राहत नाही, तो जिवाचा विषय होतो.

जपानमध्येही गाडी जुनी होते तसा भार कमी होत नाही. साडेतीन ते चार लिटरच्या इंजिनाला वर्षाला साठ हजार येनांहून अधिक कर भरावा लागतो आणि पेट्रोलची गाडी १३ वर्षांची झाली की तो आणखी वाढतो. दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते ती वेगळीच. सेकंडहँड घेणाऱ्याने हे आधी पाहावे. गाडीची किंमत उतरते, पण टायर, डिस्क आणि गिअरबॉक्स नव्या गाडीच्याच भावाने मिळतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला हा व्यवहार इथे हमखास होतो.

म्हणून माझे मत सरळ आहे. जीटी-आर ही पेट्रोल उधळणारी गाडी नव्हे. न वापरलेल्या ताकदीचाही थोडा वाटा ती घेते, पण आपल्या तोलाच्या गाड्यांत तिचा हिशेब चोख आहे. ती महाग आहे ती देखभालीत, आणि ती देखभाल टाळता येत नाही. अशी गाडी घेण्याची ऐपत आणि हौस दोन्ही असतील, तर ॲव्हरेजचा आकडा बाजूला ठेवा. टायर, ब्रेक, तेल आणि विमा यांचा तीन वर्षांचा खर्च आधी कागदावर मांडा, तेवढे पैसे बाजूला काढा आणि मगच चावी हातात घ्या. ते जमत नसेल, तर गाडी कितीही स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नका.