डेटाबेसची जोडणी आणि गावनावांचे जतन

भोर व वेल्हे हे तालुके म्हणजे हिरडस मावळ, रोहिड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे इत्यादी जुन्या मावळांचा प्रदेश होय. येथील गावनावे, शेतांची नावे व बोलीतील शब्द भाषाभ्यासकास मोलाचे आहेत. भाटघर, पानशेत व नीरा-देवघर या धरणांमुळे जी गावे पाण्याखाली गेली त्यांची जुनी स्थळनामे आता कागदपत्रांत व वृद्धांच्या स्मरणातच शोधावी लागतात. खुद्द वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. अशी सामग्री संगणकावरील डेटाबेसमध्ये साठविताना कोणती दक्षता घ्यावी, हे सांगणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. उदाहरणादाखल लिनक्स ही युनिक्ससदृश प्रणाली व मारियाडीबी हा डेटाबेस घेऊ.

अभ्यासकाचा प्रोग्रॅम व डेटाबेस यांची भाषा एक नसते. त्यांच्यामध्ये दुभाषा लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक प्रोग्रॅमास प्रत्येक डेटाबेससाठी निराळी तजवीज करावी लागू नये म्हणून १९९२ साली ओडीबीसी ही सामायिक पद्धती पुढे आली. युनिक्ससदृश प्रणालींवर हे काम युनिक्सओडीबीसी हा व्यवस्थापक करतो. त्याच्या दोन फायली ध्यानात ठेवाव्यात. 'ओडीबीसीइन्स्ट डॉट आयएनआय' या फायलीत दुभाष्याचा पत्ता, म्हणजे ड्रायव्हरची फाईल कोठे आहे, हे लिहिलेले असते. 'ओडीबीसी डॉट आयएनआय' या फायलीत कोणाशी बोलावयाचे, म्हणजे सर्व्हर, पोर्ट, डेटाबेसचे नाव व लिपिसंकेत, यांची नोंद असते. या संचास एक नाव द्यावयाचे असते व प्रोग्रॅम केवळ तेवढे नाव घेतो.

दुसरी फाईल सर्वांसाठी एक व प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र अशी दोन ठिकाणी असू शकते. एकीत दुरुस्ती करावी आणि प्रोग्रॅमाने दुसरी वाचावी, असे त्यामुळे घडते. म्हणून 'ओडीबीसीइन्स्ट' ही आज्ञा 'जे' या पर्यायासह देऊन कोणत्या फायली वाचल्या जातात, हे आधी पाहावे. ड्रायव्हरची फाईल जागेवर असूनही 'ती सापडत नाही' असा संदेश आला, तर ती ज्या अन्य फायलींवर अवलंबून असते त्यांपैकी एखादी नसण्याचा संभव असतो. 'एलडीडी' या आज्ञेने ते कळते. सर्व्हरच्या जागी 'लोकलहोस्ट' लिहिल्यास मारियाडीबीची जोडणी सामान्यतः पोर्टावरून न होता सॉकेट-फायलीतून होते, हेही लक्षात ठेवावे. फायलीत परवलीचा शब्द लिहिला असल्यास ती इतरांस वाचता येणार नाही, अशी व्यवस्था करावी.

येथवरचे दोष निदान बोलून दाखविले जातात. लिपिसंकेताचा दोष मात्र मुका असतो. जोडणी लॅटिन-१ या संकेतावलीत झाली, तर तीत देवनागरी अक्षरांस स्थानच नसल्यामुळे सर्व्हर प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह पाठवितो. भोरमधील 'वेळवंड' व शेजारचे 'वेल्हे' ही दोन्ही नावे युनिकोडमध्ये सहा सहा चिन्हांची आहेत. तेव्हा दोहोंचीही सहा प्रश्नचिन्हेच होतात व त्यांतील भेद नाहीसा होतो. या अवस्थेपर्यंत मूळ नोंद शाबूत असते. परंतु तीच नोंद कोणी दुरुस्त करून पुन्हा साठविली की प्रश्नचिन्हेच साठविली जातात, आणि मग निराळी प्रत नसेल तर नाव कायमचे गेले.

उपाय सोपा आहे. जोडणीच्या नोंदीत 'कॅरसेट' या शब्दापुढे 'यूटीएफ८एमबी४' असे लिहावे आणि डेटाबेसच्या तक्त्यांतील रकानेही त्याच संकेतावलीचे ठेवावेत. त्यानंतर 'आयएसक्यूएल' या आज्ञेने जोडणी करून 'ळ' हे एकच अक्षर साठवावे व 'हेक्स' या फलनाने त्याचे साठविलेले रूप पाहावे. ई०, ए४, बी३ असे तीन बाइट दिसले तर साठवण बिनचूक आहे. पडद्यावर काही वेडेवाकडे दिसत असल्यास तो दोष दाखविण्याचा समजावा. केवळ ३एफ दिसले तर ते प्रश्नचिन्ह होय. अशा वेळी नोंदी भरण्याचे काम तत्काळ थांबवावे.

ही परीक्षा पहिली नोंद भरण्यापूर्वी करावयाची आहे. ज्या गावाचे नाव सांगणारा माणूस पुन्हा भेटेलच असे नाही, त्याच्या बाबतीत दुसरी संधी गृहीत धरता येत नाही.