शाई, जस्त आणि राजा आर्थर

विल्यम मॉरिसने १८९१ साली लंडनमध्ये केल्मस्कॉट प्रेस सुरू केला तो पंधराव्या शतकातल्या छापील ग्रंथांचे वैभव परत आणण्यासाठी. हातकागद, स्वतः घडवलेला टाइप, हातयंत्र आणि लाकडात कोरलेले चित्रांचे ठसे, असा सगळा थाट होता. पुस्तके देखणी झाली, पण सामान्य वाचकाला ती परवडणारी नव्हती. जे. एम. डेंट या प्रकाशकाने तसेच वैभव कमी खर्चात साधायचे ठरवले. ग्रंथ निवडला तो थॉमस मॅलरीचा ‘ल मॉर्त दार्थर’. राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांच्या या कथा कॅक्स्टनने १४८५ मध्ये प्रथम छापल्या होत्या.

खर्च वाचणार होता लाइन ब्लॉकमुळे. चित्राचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि पत्रा आम्लात सोडायचा. मोकळी जागा आम्ल खाते, रेषा उंच राहते आणि तयार ब्लॉक टाइपाच्या खिळ्यांच्या बरोबरीने छपाईला चढतो. अट एकच, चित्रात काळे असावे किंवा पांढरे. मधल्या राखी छटांना तिथे जागा नाही.

ही अट पेलणारा चित्रकार डेंटला मिळाला तो फ्रेडरिक एव्हान्स या पुस्तकविक्रेत्यामुळे. विमा कंपनीत कारकुनी करणारा ऑब्री बिअर्डस्ली नावाचा तरुण एव्हान्सच्या दुकानात नेहमी येत असे. चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सने त्याची चित्रे पाहून त्याला उत्तेजन दिले होते. शिक्षण म्हणाल तर संध्याकाळचे काही वर्ग, एवढेच. डेंटने नमुन्यादाखल मागवलेले चित्र पसंत पडले आणि १८९२ मध्ये विशीतल्या बिअर्डस्लीने नोकरी सोडली. लहानपणापासून क्षयाने पोखरलेला हा मुलगा खिडक्या बंद करून मेणबत्त्यांच्या उजेडात काम करी. पानभर चित्रे, किनारी, प्रकरणारंभीच्या पट्ट्या आणि आद्याक्षरे धरून साडेतीनशेच्या घरात रेखाटने झाली. जून १८९३ पासून ग्रंथ हप्त्याहप्त्याने निघू लागला. साध्या कागदावरच्या प्रती १५०० होत्या आणि डच हातकागदावरच्या ३००.

हे हप्ते क्रमाने पाहावेत. सुरुवातीला मॉरिसची दाट वेलबुट्टी आहे, बर्न-जोन्सच्या सडपातळ, उदास आकृत्या आहेत. पुढे जपानी ठशांचा अभ्यास दिसू लागतो. झाडोरा विरळ होतो, काळ्याचे मोठे सपाट तुकडे येतात आणि त्यांच्या शेजारचे कोरे पांढरे तितक्याच ताकदीने बोलू लागते. बेडिव्हिअर आर्थरची तलवार तळ्यात टाकतो त्या चित्रात छायाप्रकाशाचा आधार जवळजवळ नाहीच. सगळा शोक उभ्या, ताठ आकारांनी पेलला आहे. इतके मोठे काम रेटताना बिअर्डस्ली कंटाळला हेही खरे. काही पट्ट्या पुन्हापुन्हा वापराव्या लागल्या. मॅलरीच्या कथेत कुठेही नसलेले बोकडपायांचे वनदेव किनारींत शिरले. ग्रंथाच्या एकसंधपणाला त्याने बाध आला. पण चित्रकाराला स्वतःचा सूर सापडला तो याच मोकळिकीत.

एप्रिल १८९३ मध्ये ‘द स्टुडिओ’ मासिकाच्या पहिल्याच अंकात जोसेफ पेनेलने या नव्या चित्रकाराची ओळख करून दिली आणि ब्लॉकच्या कामाचीही मनापासून तारीफ केली. मॉरिसला मात्र ही चित्रे रुचली नाहीत. हाताच्या कारागिरीवर त्याची श्रद्धा होती आणि तिचे सर्वात मोठे फळ म्हणजे १८९६ चा केल्मस्कॉट चॉसर, कवी चॉसरच्या रचनांचा ग्रंथ. त्यातली बर्न-जोन्सची ८७ चित्रे पेन्सिलीची. ती दुसऱ्याने शाईत उतरवली आणि तिसऱ्याने लाकडात कोरली. ग्रंथ अप्रतिम आहे, पण चित्रकाराची रेषा तिथे आणखी दोन हातांतून गाळून येते. डेंटच्या पानावर येते ती थेट बिअर्डस्लीचीच रेषा, तिच्या थरथरीसकट आणि उद्धटपणासकट.

यंत्र आले की कला हलकी होते, हा समज तेव्हा होता आणि आजही आहे. या ग्रंथाने त्याला सज्जड उत्तर दिले. १८९८ मध्ये फ्रान्समधल्या मांतों गावी बिअर्डस्ली वारला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. लाकडी ठशाची वाट धरावी लागती, तर ही साडेतीनशे रेखाटने कोरणाऱ्याच्या सवयीने सारखी झाली असती. स्वस्त म्हणून निवडलेल्या जस्ताच्या पत्र्याने त्याचा हात जसाच्या तसा जपला आणि राखी छटा नाकारून त्याला काळ्यापांढऱ्यात विचार करायला शिकवले.